पोळल्यावरची पहिली वीस मिनिटं

पाच वर्षांखालची मुलं सर्वांत जास्त पोळतात ती गरम पाणी, चहा, दूध अशा पातळ गोष्टींनी, आणि तीही घरातच, मोठी माणसं दोन पावलांवर असताना. नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल हाताला येईल ते ओढतं: टेबलक्लॉथचं टोक, किटलीची लोंबती वायर, पातेल्याचा बाहेर आलेला दांडा. वरून सांडलेलं पाणी चेहरा, मान, खांदा, छाती असं उतरत जातं. मूल वर बघत असतं, त्यामुळे हनुवटीखालचा आणि काखेतला भागही सुटत नाही.

इजा किती खोल होणार हे तापमान आणि वेळ मिळून ठरवतात. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा साधारण 5 सेकंदांत खोलवर भाजते. 49 अंशांना त्याच इजेला काही मिनिटं लागतात. मुलांची त्वचा पातळ, म्हणून त्यांना याहून कमी वेळ पुरतो. शिवाय मूल झटकन मागे सरकू शकत नाही. ताजा चहा 60 अंशांपेक्षा बराच गरम असतो आणि केल्यानंतर 15 मिनिटांनीही तो मुलाला पोळवू शकतो. म्हणून मांडीवर बाळ आणि हातात कप, हे एकत्र नकोच. अंघोळीच्या बादलीत किंवा टबात आधी गार पाणी घ्यावं, मग गरम, आणि मुलाला आत सोडण्यापूर्वी स्वतःचं कोपर बुडवून पाहावं. सर्दीसाठी गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफ देणं तर मी साफ बंद करायला सांगेन. फायदा फारसा नाही, आणि भांडं कलंडलं तर पाणी थेट मांड्यांवर येतं.

एवढं करूनही पोळलंच तर? 1953 मध्ये ब्रिटिश शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनी भाजलेल्या जखमेचे तीन भाग वर्णन केले. अगदी केंद्रातल्या भागातल्या पेशी मेलेल्या असतात. सर्वांत बाहेरचा भाग नुसता लाल होतो आणि बरा होतो. या दोहोंमधल्या भागात रक्तपुरवठा मंदावतो. पेशी जिवंत असतात, पण त्या जगतील की मरतील हे पुढच्या काही तासांत ठरतं. पहिला उपचार या पट्ट्यासाठीच असतो आणि त्याचं औषध नळाला आहे. ओले गरम कपडे, डायपर, बांगडी, साखळी लगेच काढा. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. मग भाजलेल्या भागावर नळाचं गार, वाहतं पाणी पूर्ण 20 मिनिटं सोडा. रडणाऱ्या मुलाला धरून इतका वेळ काढणं फार जड जातं, आणि बहुतेक घरांत दोन-तीन मिनिटांतच नळ बंद होतो. घड्याळ लावा. तेव्हा राहून गेलं असेल तर 3 तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बाकीचं अंग कोरडं आणि पांघरलेलं ठेवा, कारण लहान मूल पटकन गारठतं. बर्फ नको: त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्या मधल्या पट्ट्याचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. टूथपेस्ट, तेल, लोणी यांनी जखम निवत तर नाहीच, उलट डॉक्टरांना ती नीट दिसत नाही. फोड फोडू नका. पाणी झाल्यावर स्वच्छ प्लॅस्टिक फिल्म सैलसर ठेवली तरी पुरे.

मुलाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे 1 टक्का. जखम त्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियांवर असेल, तर दवाखाना गाठाच. जखम पांढरट दिसत असूनही मूल रडत नसेल तर फसू नका. संवेदनेच्या नसाच जळाल्या असतील. 10 टक्क्यांच्या वर भाजलं तर शरीरातलं पाणी इतकं झिरपतं की शिरेतून सलाइन द्यावं लागतं. तान्ह्या बाळाचं नुसतं डोकंच पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा असतं, त्यामुळे मोठ्यांचे आडाखे इथे चालत नाहीत. विजेचा किंवा रसायनाचा चटका कितीही छोटा दिसला तरी डॉक्टरांना दाखवावा. विजेच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद करा, मगच मुलाला हात लावा.

जखम छोटी होती, पट्टी झाली, मूल खेळायला लागलं. तरी पुढचे काही दिवस अंगाला हात लावून बघत राहा. ताप, अंगभर पुरळ, उलट्या-जुलाब किंवा पेंगुळलेपणा यांतलं काही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या आणि मूल भाजलं होतं हे आवर्जून सांगा. जिवाणूंच्या विषाने होणारा टॉक्सिक शॉक सिंड्रोम दुर्मीळ आहे, पण तो लहानशा जखमेतूनही होतो आणि काही तासांत जिवावर बेततो.