स्वीडनमध्ये नवीन आलात? तुमच्या कराचा दर १ नोव्हेंबरचा पत्ता ठरवतो

गोथेनबर्गला येऊन पहिला पगार झाला की आपल्याकडच्या माणसाचा प्रश्न ठरलेला: "एवढा टॅक्स कापला, त्यात इथल्या महापालिकेचा किती?" मध्यम पगार असेल तर उत्तर आहे, महापालिका आणि तिच्या वरच्या प्रादेशिक संस्थेचा मिळून जवळजवळ सगळाच. हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा, पालिकेची घरपट्टी-पाणीपट्टी, आणि महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार रुपये, जो पगारपत्रकात कुणी बघतही नाही. स्वीडनमध्ये मिळकतीवरचा मुख्य कर तुम्ही राहता ते शहर आणि तो प्रदेश घेतात.

देशात २९० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपली नगरपालिका समजा. त्यावर २१ रेजिओन, म्हणजे प्रादेशिक संस्था. शाळा, पाळणाघरं आणि म्हाताऱ्यांची देखभाल कम्यूनकडे; दवाखाने आणि बस-ट्राम रेजिओनकडे. दोघंही आपापला दर स्वतः ठरवतात आणि दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचा स्थानिक कर. २०२५ मध्ये गोथेनबर्गचा दर २१.१२ अधिक ११.४८, म्हणजे ३२.६० टक्के. माल्मो ३२.४२, स्टॉकहोम ३०.५५. स्टॉकहोमच्या उत्तरेचं ओस्टेरओकर २९ च्या आसपास, तर दूर उत्तरेतलं छोटंसं डोरोटिया ३५ च्या वर. माणसं कमी, त्यातही म्हातारी जास्त, आणि रस्ते लांबच लांब, म्हणून.

हे आकडे पाहून घाबरू नका. पगारातून आधी मूळ वजावट जाते आणि नोकरदारांना करात वेगळी सूट मिळते. गोथेनबर्गमध्ये महिना ४५,००० क्रोना पगार असेल तर कर कापला जातो दहा हजारांच्या आसपास, म्हणजे बावीस-तेवीस टक्के. तोच पगार स्टॉकहोममध्ये घेतलात तर महिन्याला सहाशे-सातशे क्रोना वाचतील. तिथलं घरभाडं ते एका घासात गिळतं, तेव्हा केवळ कराचा दर बघून शहर निवडू नका.

केंद्र सरकारचा २० टक्के कर वरच्या मिळकतीवरच लागतो. २०२५ साठी ती रेषा वर्षाला ६,४३,१०० क्रोना पगाराची होती आणि रेषेच्या वरच्या भागापुरताच तो कर. शिवाय दोन छोट्या गोष्टी कापल्या जातात. एक, सरकारी रेडिओ-टीव्हीची पट्टी, वर्षाला बाराशे क्रोनांच्या आसपास. दुसरी, दफनपट्टी! ही पाव टक्क्याच्या थोडी वर असते आणि धर्म कोणताही असो, सगळ्यांनाच भरावी लागते. दहनाचा खर्च त्यातच येतो. स्टॉकहोम आणि ट्रानोस या दोन ठिकाणी ती वेगळी ठरते, कारण तिथं हे काम चर्चऐवजी कम्यून करते. चर्चची वर्गणी मात्र सभासदांनाच असते.

पहिली पायरी: नोंदणी

कर खातं आणि लोकसंख्या-नोंदणी इथं एकाच छपराखाली आहेत. त्याचं नाव स्काटेवेर्केट. किमान एक वर्ष राहायचं असेल आणि तेवढ्या मुदतीचा निवास परवाना हातात असेल तर इथं नोंदणी करावीच लागते. आल्यावर आठवड्याभरात ती करायची असते. नोंदणी झाली की पर्सूननुम्मर मिळतो: जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. बँक, दवाखाना, मोबाइल, सगळं याच्यावर. आधार आणि पॅन एकत्र केल्यासारखं.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण नंतर सर्व्हिस ऑफिसात स्वतः जावं लागतं. कुटुंब बरोबर आलं असेल तर सगळ्यांनी, अगदी तान्ह्या बाळानेही. सोबत हवं ते असं: प्रत्येकाचा पासपोर्ट, निवास परवान्याचं कार्ड, राहत्या घराचा करार, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, ज्यांवर आई-वडील दोघांची नावं असावीत. दाखले मूळ प्रतीतच न्या. लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांवर भारत सोडण्याआधीच अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून घ्या. इथून काकांना पुण्यात फोन करून कागद कुरिअरने मागवत बसणारे मी बरेच पाहिलेत. मीही त्यातलाच.

पत्ता बारकाईने लिहा. इमारतीतल्या प्रत्येक घराला चार अंकी क्रमांक असतो: पहिले दोन आकडे मजल्याचे. ११०१ म्हणजे तळमजल्याच्या वरचा मजला, पहिलं दार. घर सेकंडहँड करारावर असेल, म्हणजे मूळ भाडेकरूकडून किंवा फ्लॅटवाल्याकडून घेतलेलं, तर तिथं नोंदणी करू देणार का हे आगाऊ रक्कम देण्याआधीच विचारा. काही जण "इथं राहा, पण नाव दुसरीकडे लावा" म्हणतात. त्यांना नमस्कार करून पुढचं घर बघा. खोट्या पत्त्यावर नोंदणी हा २०१८ पासून गुन्हा आहे. आणि दारावर आपलं आडनाव चिकटवा, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. पर्सूननुम्मर पत्रानेच येतो.

नोंदणी झाली की तुमचा करतक्ता, म्हणजे पगारातून किती कर कापायचा याचा तक्ता, कंपनी थेट स्काटेवेर्केटकडून घेते. तक्त्याचा क्रमांक म्हणजे तुमच्या शहराचा दर पूर्णांकात आणलेला, गोथेनबर्गचा ३३. दुसरी जोडनोकरी केलीत तर तिथं सरसकट ३० टक्के कापतात.

एका वर्षापेक्षा कमी राहणाऱ्यांना पर्सूननुम्मर मिळत नाही, नोंदणी नसलेल्यांसाठीचा समन्वय क्रमांक मिळतो. सहा महिन्यांपेक्षाही कमी असाल तर अर्ज करून वेगळ्या सपाट दराने कर भरता येतो. त्यात स्थानिक कर नाही, पण वजावटीही नाहीत.

आता ती तारीख

वर्षभर कोणत्या शहराचा दर लागणार हे आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तुमची नोंद कुठे होती यावरून ठरतं. ३ नोव्हेंबरला गोथेनबर्ग सोडून स्टॉकहोमला गेलात तर पुढचं अख्खं वर्ष गोथेनबर्गचाच दर. नव्याने आलेल्याची १ नोव्हेंबरला नोंदच नव्हती, म्हणून त्याला वर्षात प्रथम जिथं राहिला त्या कम्यूनचा दर लागतो. यात एक मेख आहे: घर बदलल्यावर आठवड्याभरात कळवलंत तर बदललेल्या दिवसापासून धरतात, उशीर केलात तर कळवलं त्या दिवसापासून. ऑक्टोबरच्या शेवटी घर बदलणाऱ्यांनी खोकी नंतर उघडावीत, आधी हे कळवावं.

सवलत, जी बहुतेकांच्या हातून निसटते

पगार मोठा असेल तर परदेशी तज्ज्ञांसाठीच्या सवलतीचा अर्ज करा. पगाराचा २५ टक्के भाग सात वर्षांपर्यंत करमुक्त होतो. २०२५ साठी अट महिन्याला ८८,२०० क्रोनांहून जास्त पगाराची होती. तुम्ही स्वीडिश नागरिक नसावं आणि आधीची पाच वर्षं इथं राहिलेलं नसावं. नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज पोहोचला पाहिजे. कंपनीतली एचआर आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

घर घेतलंत तर घरपट्टीसारखा एक आकार आहे, पण त्यालाही कमाल मर्यादा आहे: २०२५ मध्ये बंगल्याला १०,०७४ क्रोना. फ्लॅटचा आकार सोसायटीच भरते. भाडेकरूला काहीच नाही.

विवरणपत्र मार्चमध्ये भरूनच येतं, पगाराचे आकडे त्यात आधीच असतात. तपासायचं आणि २ मेपर्यंत बँकआयडीने, म्हणजे बँकेकडून मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्राने, मंजूर करायचं. त्यात नसतं ते आपलं भारतातलं: एफडीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं. इथले रहिवासी झालात की तेही दाखवावं लागतं. भारतात कापलेल्या कराची वजावट दोन्ही देशांमधल्या करारामुळे मिळू शकते. गोंधळ होतो तो वर्षाचा, कारण इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं एप्रिल ते मार्च. बँकेचं व्याज-प्रमाणपत्र मार्चअखेरचं मिळतं, म्हणून पासबुकातून कॅलेंडर वर्षाची बेरीज स्वतः करून ठेवा. मी जानेवारीतच एका रविवारी बसून ती करून टाकतो. बाहेर तसाही साडेचारच्या सुमारास अंधार पडतो.