मुंबई दर्शन : पालव्यापासून राणीच्या बागेपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला गेटवेवर जाऊन बघा. रात्रभर प्रवास करून आलेल्या शाळांच्या गाड्या लागलेल्या असतात. पेंगुळलेली पोरं दोन-दोनच्या रांगेत, गुरुजींच्या तोंडात शिट्टी, बाईंच्या हातात हजेरीचा कागद. गाईड घसा ताणून दिवसाचा कार्यक्रम सांगतो : गेटवे, म्युझियम, तारांगण, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, राणीची बाग आणि वेळ उरलाच तर चौपाटी. आमच्या सहलीची यादीही अशीच होती आणि त्या बसमधल्या गुरुजींच्या सहलीचीही बहुतेक हीच असेल. या शहरात बघण्यासारखं इतकं असताना नेमकी हीच ठिकाणं कोणी ठरवली? थोडं मागे गेलं की दिसतं, यातली निम्मी यादी तरी आपल्यासाठी झालेलीच नव्हती. समुद्राकडून आलेल्या पाहुण्याला एक-दोन दिवसांत काय दाखवायचं, या हिशोबाने ती जमली आणि मग आपण ती तशीच उचलली.

त्याआधी मुंबईला ‘दर्शन’ होतं ते खऱ्या अर्थाने. वाळकेश्वर, बाणगंगा, मुंबादेवी, महालक्ष्मी. माणूस देवाला यायचा आणि जाता जाता बाजार बघून जायचा. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलं, त्यात देवळं आहेत, बाजार आहेत, नाना जातीधर्मांचे लोक आहेत आणि नवलाईची आगगाडीही आहे. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. बाहेरगावच्या माणसाला मुंबई समजावून सांगायची ही एक पद्धत होती, मराठी माणसाने मराठीत घातलेली. सहलीची यादी मात्र तिथून आली नाही.

ती आली बोटीतून. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि विलायतेहून येणाऱ्यासाठी मुंबई हे हिंदुस्थानचं पहिलं बंदर ठरलं. १८७१ साली वॉटसन हॉटेल उघडलं, १८८१ मध्ये थॉमस कुक कंपनीने इथे कचेरी थाटली. साहेब पालव्याला उतरायचा. अपोलो बंदर हे त्याचं साहेबी नाव, आपल्या लोकांच्या तोंडी पालवाच. त्याला पुढे आग्रा-दिल्लीला जायचं असे. मधल्या दिवस-दोन दिवसांत घोडागाडीने जे होईल ते उरकायचं : १८६९ मध्ये बांधून झालेलं क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वरचं पांजरपोळ, म्हणजे भाकड-आजारी जनावरांचा आसरा, मलबार हिल आणि पारशी पंचायतीची परवानगी काढून दोखम्यांचा, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या मनोऱ्यांचा परिसर. वेळ असेल तर बोटीने घारापुरी.

यादीचा आकार ठरला तो या घोडागाडीच्या टप्प्याने. ज्याला हे पटत नसेल त्याने कान्हेरीचा विचार करावा. बोरिवलीच्या जंगलात शंभरावर लेणी आहेत, त्यातली जुनी घारापुरीच्याही कितीतरी शतकं आधीची. आज ती शहराच्या हद्दीत आहेत. तरी ‘मुंबई दर्शन’ अशी पाटी लावलेली गाडी तिकडे सहसा वळत नाही. माहीमच्या पुढे फारसं जायचं नाही, ही सवय लोकल आली, हायवे झाले तरी बरीचशी टिकून आहे.

घारापुरीला मात्र मान मिळाला, कारण ती समोरच होती. बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगिजांनी दिलं, राजबंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. हा हत्ती विलायतेला न्यायचा घाट १८६४ मध्ये घातला गेला. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. विलायत राहिली बाजूला, ते तुकडे आले भायखळ्याला, व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत. १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. हत्ती तुटला त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७५ मध्ये, व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आला, तेव्हा त्याला घारापुरीच्या लेण्यातच मेजवानी दिली गेली. त्रिमूर्तीच्या समोर टेबलं मांडून साहेब जेवला. आज त्याच लेण्यात कोणी डबा उघडला तर पहारेकरी धावत येतो, आणि त्याने यायलाच हवं.

या राजघराण्याच्या पाहुणचाराने मुंबईचा पर्यटन नकाशा किती आखला, हे बघून गंमत वाटते. १८७५ च्या त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी राजपुत्राचा घोड्यावर बसलेला पुतळा शहराला दिला, तो काळा घोडा. त्या राजपुत्राचा मुलगा १९०५ मध्ये आला, त्याच्या हस्ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसली, यादीतलं म्युझियम ते हेच. इमारत उभी राहिली तोवर महायुद्ध सुरू झालं, म्हणून आधी तिथे लष्कराचं इस्पितळ चाललं. संग्रहालय लोकांसाठी उघडलं १९२२ साली. तोच मुलगा पाचवा जॉर्ज होऊन २ डिसेंबर १९११ ला राणीसह पालव्याला उतरला, त्याची खूण म्हणून गेटवे.

गेटवेची गोष्ट तर आणखी मजेची. राजाने तो पाहिलाच नाही. त्याच्या स्वागताला होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ ला. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, मग समुद्र हटवून भराव घालण्यात काही वर्षं गेली आणि ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन झालं. म्युझियमही विटेट यांचंच. गेटवेला पिवळसर बेसाल्ट दगड, उंची २६ मीटर, खर्च त्या काळचे सुमारे २१ लाख रुपये. पैसे तिथेच संपले. गेटवेच्या कमानीत सरळ नेऊन सोडणारा रस्ता करायचं ठरलं होतं, तो झालाच नाही. म्हणून आजही रस्त्यावरून येताना गेटवे समोर येत नाही, थोडा तिरका दिसतो. आणि दरवाजा तयार झाला तोवर मेलबोटीचे उतारू बॅलार्ड पिअरला उतरू लागले होते. तिथेच आगगाडी उभी असे. म्हणजे या दरवाजातून रोजची ये-जा अशी कधी झालीच नाही. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली. येण्याच्या आठवणीसाठी बांधलेली कमान जाण्यासाठीच जास्त लक्षात राहिली.

आपल्या माणसाचा समुद्राकडचा दरवाजा वेगळा होता. कोकणातला चाकरमानी उतरायचा भाऊच्या धक्क्यावर, डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी आणि कुणाला तरी द्यायची फणसाची पिशवी. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला हा धक्का. रेवसच्या लाँचसाठी तो आजही वापरात आहे. पण दर्शनाच्या यादीत तो नाही. तिथे जायचं ते पहाटे मासळी घ्यायला.

स्वातंत्र्यानंतर बोटीचा पाहुणा कमी होत गेला आणि जागा घेतली एसटीने. साताऱ्याहून, जळगावहून, लातूरहून शाळेची सहल, गावचं मंडळ, नवं लग्न झालेलं जोडपं. आता यादीत आपली भर पडू लागली. मरीन ड्राइव्हला १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय झालं. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट आला. इंग्रजी बालगीतातली ही म्हातारी, पण अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांनी तिला इतकं आपलं केलं की त्या बुटाच्या खिडकीतून हात हलवणारा फोटो हा ‘मुंबई बघितली’ याचा पुरावा ठरला. शेजारचं हँगिंग गार्डन पाण्याच्या टाक्यांवर आहे. गाईड ‘लटकती बाग’ म्हणतो, पोरं दोऱ्या शोधतात. पायाखालून शहराला पाणी जातं हे सांगितलं तर त्यांना जास्त नवल वाटेल, पण ते क्वचितच कोणी सांगतं. २६ जानेवारी १९६१ ला गेटवेसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि त्या चौकाचा चेहराच बदलला. वरळीला १९७७ मध्ये नेहरू तारांगण उघडलं, ते सहलीच्या कार्यक्रमात दुपारच्या उन्हाच्या वेळी बरोबर बसलं. थंड हॉल, अंधार, निम्मी पोरं झोपतात.

१९७५ मध्ये राज्याचं पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं. बेस्टची उघड्या छताची दुमजली ‘नीलांबरी’ १९९७ पासून पर्यटकांना घेऊन फिरू लागली, संध्याकाळच्या फेरीत वरच्या मजल्यावर बसलं की फोर्टातल्या इमारतींचे कोरीवकाम केलेले माथे डोळ्यांच्या पातळीवर येत. पदपथावरून जन्मभर चाललो तरी ते दिसत नाहीत. डिझेलच्या जुन्या दुमजली गाड्या २०२३ मध्ये थांबल्या तेव्हा निरोपाला फुलं घेऊन लोक आले होते.

मधल्या काळात बघण्याची रीतही बदलली. १९९५ मध्ये मुंबईच्या वारसा इमारतींसाठी नियमावली लागू झाली. घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत होतीच, २००४ मध्ये सीएसएमटी आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती तिथे पोचल्या. बसमधून उतरून पायी फिरणारे हेरिटेज वॉक सुरू झाले, कोळीवाडे, गिरणगाव, खोताची वाडी यांना पहिल्यांदाच ‘बघायची ठिकाणं’ म्हणून भाव आला. धारावीचेही दौरे निघाले, त्यावर वादही झाले. माझ्या मते गिरणगावाकडे लोक वळले ते फार उशिरा. गिरण्यांची धुराडी पडून टॉवर उभे राहिल्यावर दाखवायला उरलं ते मुख्यतः गाईडच्या बोलण्यात.

समुद्राचा दरवाजा तेवढा निर्धास्त राहिला नाही. नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले आणि ताजच्या अंगणात शिरले, तेव्हापासून गेटवेवर जायचं तर तपासणीतून. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली.

काळा घोडा १९६५ मध्ये चौकातून हलवला. चौकाचं नाव तेच राहिलं आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. मूळ स्वार-घोडा आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच, जवळपास. ज्याला लेण्यात जेवू घातलं तो राजपुत्र आणि त्याच बेटावरचा हत्ती, दोघांची शेवटी एकाच आवारात गाठ पडली. हत्तीच्या अंगावरचे सांधे जवळून अजून स्पष्ट दिसतात. सहलीची रांग मात्र तिकडे फारशी फिरकत नाही. शिट्टी वाजते, गुरुजी मोजणी करतात आणि सगळी पोरं पेंग्विनकडे पळतात.