रडीचा डाव (पुण्यातलं ऑनलाइन गेमिंग)

रडीचा डाव म्हणजे हरायची वेळ आली की नियम वाकवणं, कारणं काढणं, नाहीतर सरळ बॅट उचलून घरी निघून जाणं. शब्द गल्लीतला आहे, विटीदांडू आणि डबा ऐसपैसच्या काळातला, पण पुण्यात रात्री दहानंतर मोबाईल किंवा पीसी घेऊन बसणाऱ्यांच्या व्हॉइस चॅटमध्ये तो अजून रोज ऐकू येतो आणि तिथे त्याचा अर्थ बराच पसरलाय. नेट गेल्याचं नाटक केलं, रडी. मित्र मेल्या मेल्या त्याची गन उचलली, रडी. हॅक लावला तर मात्र रडी म्हणत नाहीत, त्याला चीटर म्हणतात, आणि हा फरक पुढे कामाला येणार आहे. टॉक्सिक, ट्रोल, नूब असले शब्दही चालतात, पण भांडण खरंच पेटलं की सगळे गुपचूप मराठीवर येतात.

पुण्याला खेळाचे नियम बांधायची खाज जुनी आहे. इंग्रज अधिकारी इथल्या छावणीत शटलचा जो खेळ खेळायचे त्याला गावावरून पूना असंच नाव पडलं होतं, तोच पुढे बॅडमिंटन झाला, आणि खो-खोचे नियम १९१४ साली डेक्कन जिमखान्याच्या समितीने बसवले. त्यामुळे चार टाळकी जमली की लगेच खेळ सुरू, असं इथे होत नाही. आधी नियमांवर वाद, मग वाद कसा घालायचा यावर वाद, आणि तोवर पबजी गेममधल्या पोचिंकी गावावरून उडी मारायचं विमान पुढे निघून गेलेलं असतं.

ऑनलाइनची ही सगळी नीती आली कुठून, तर गल्लीतूनच. लिंबूटिंबू हा नियम घ्या. लहान भावाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही आणि आउट झाला तरी धरायचं नाही. आज ग्रुपात नवीन आलेला, ज्याला स्कोप (बंदुकीची दुर्बीण) कसा लावायचा तेही माहीत नाही, तो लिंबूटिंबू, त्याच्यावर पहिले काही दिवस टोमणा मारायचा नाही आणि हील (गेममधलं औषधपाणी) सगळ्यात आधी त्याला द्यायचं. याच्या उलट वरच्या रँकचा प्लेअर दुसरा अकाउंट काढून खालच्या लॉबीत पोरं झोडायला जातो त्याला इंग्रजीत स्मर्फ म्हणतात, आमच्याकडे म्हणतात 'दहावीचा पोरगा तिसरीच्या वर्गात जाऊन पहिला आला'. टाइमप्लीज पण आहेच. जेवायला हाक आली, दारात कुरियरवाला आला, आजोबांना बीपीची गोळी द्यायचीये, की माइकवर 'टाइमप्लीज' आणि माणूस गायब. अडचण अशी की गल्लीत टाइमप्लीज म्हटल्यावर राज्य असणारा थांबायचा, इथे शंभर जणांच्या मॅचमधल्या बाकीच्या शहाण्णव जणांना ते ऐकूच जात नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. सायबर कॅफेच्या दिवसांत काउंटर स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम लॅनवर (कॅफेतलेच पीसी एकमेकांना जोडून) चालायचा, तासाचे पैसे आधी द्यायचे आणि ज्याला हेडशॉट मारलाय तो पोरगा दोन खुर्च्या सोडून बसलेला असायचा, तेव्हा रडीवर एकच उपाय होता, टपली. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाईल आलं, शंभर जण एका बेटावर, शेवटी उरेल तो जिंकला, आणि त्यातले चार आपले. टपली संपली, तोंड उरलं. हात पोचत नाही तिथे जीभ पोचवायची हे पुणेकराला वेगळं शिकवावं लागलं नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्स बंद केली त्यात पबजी गेलं, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या भारतीय नावाने परत आलं, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून परत गायब, मे २०२३ मध्ये परत हजर. या येण्याजाण्यात रक्ताचा रंग हिरवा झाला आणि 'किल'चं 'फिनिश' झालं, म्हणजे हिंसा कमी झाली असं मानायचं, मानलं. मधल्या काळात कोणी व्हॅलोरंटला (पीसीवरचा पाच विरुद्ध पाच गोळीबाराचा गेम) गेलं, कोणी लुडोवर दिवस काढले, पण ग्रुप तेच राहिले कारण लोक गेमसाठी येतच नव्हते, बोलायला येत होते.

बोलण्याची पद्धत सांगायलाच पाहिजे कारण सगळा न्यायनिवाडा त्यातूनच होतो. कोणी कोणाला 'तू चुकलास' असं म्हणत नाही. चूक झाली की अरेतुरेतला मित्र अचानक अहोजाहोवर येतो, आणि हा बदल कानाला लागला की समजायचं आपलं काहीतरी चुकलंय. 'अहो, आपण आज खेळणार आहात की नुसतं दर्शन द्यायला आलात?' 'मालक, स्मोक टाकायचा होता, अगरबत्ती नाही लावायची.' ठरलेल्या जागेच्या पुढे पॅराशूट गेलं तर 'काका, तुमचा स्टॉप मागे गेला'. कोणी ऐन फाइटमध्ये डिसकनेक्ट झाला की ठरलेला प्रश्न, 'का रे, आज गुरुवार आहे का?' (पुण्यात दुरुस्तीची कामं गुरुवारी निघतात, पाणी जातं, कुठे कुठे लाईटही जाते, त्यामुळे गुरुवारी नेट गेलं तर ते खरं धरतात, बाकी सहा दिवस पुरावा लागतो.) यावर उत्तर देणाऱ्याने चिडायचं नाही, चिडला की हरला. शांतपणे दुप्पट कुजकं बोलायचं आणि तिसऱ्याने 'बास आता, झोन येतोय' (खेळायची जागा आकसत येते, तो) म्हणून मिटवायचं.

आता वाद. सगळ्यात जुना वाद क्रेटचा. टीममेट मेला, त्याच्या पेटीत चांगली गन आहे, एअरड्रॉपमधली एडब्ल्यूएम म्हणा, ती कोणाची? एक बाजू म्हणते जो जवळ त्याची, सेंटी होऊ नका. दुसरी बाजू म्हणते मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाऊ नका, निदान 'घेतो रे' एवढं तरी म्हणा. मेलेला माणूस स्पेक्टेट करत हे सगळं बघत असतो आणि त्याचंच म्हणणं सगळ्यात मोठ्या आवाजात येतं. आमच्या ग्रुपात यावर दोन वर्षांपूर्वी निकाल लागला की नॉक झालेल्याला (पडलाय, पण अजून मेला नाही) उचलायचा एक तरी प्रामाणिक प्रयत्न केल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. उचलायला दहा सेकंद लागतात, गोळ्या चालू असताना दहा सेकंद म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळतं, त्यामुळे 'प्रामाणिक प्रयत्न' म्हणजे नक्की किती यावर तेव्हापासून भांडण चालू आहे ते चालूच आहे.

दुसरा वाद थर्ड पार्टीचा आणि हा जरा खोल जातो. दोन स्क्वाड एकमेकांशी भिडलेत, दोघांचं अर्धं हील संपलंय, आणि तिसरा मागून येऊन दोघांनाही झोपवतो. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, म्हण आहेच, म्हणजे पूर्वजांची परवानगी आहे असं एक जण म्हणाला की दुसरा लगेच अभिमन्यू काढतो. एकट्याला सगळ्यांनी मिळून घेरलं ते चूक होतं ना? मग तिसरा म्हणतो, अभिमन्यूचं सोड, भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली ते काय होतं, गदायुद्धात कमरेखाली मारायचं नसतं, आणि तरी आपण भीमाच्याच बाजूने आहोत. यावर कोणीतरी बलराम चिडला होता हे आठवण करून देतो आणि रात्रीचे दीड वाजतात. मला यातली एक गोष्ट नेहमी आवडत आली आहे, यातला कोणीच थर्ड पार्टी करायचं थांबवत नाही, पण प्रत्येकाला आपण कोणत्या बाजूचा आहोत हे ठरवून मगच करायचं असतं. कॅम्परचं पण तसंच. गवतात आडवा पडून राहणाऱ्याला साप म्हणायचं, शिव्या घालायच्या, आणि शेवटच्या झोनमध्ये आपण स्वतः आडवं पडायचं. तेव्हा त्याला पेशन्स म्हणतात.

तिसरा आयपॅड व्ह्यूचा, इथे मात्र हसणं कमी होतं. आयपॅडची स्क्रीन साधारण ४:३ असल्याने लांबट फोनपेक्षा वरखाली जास्त दिसतं, आणि भिंतीपलीकडचा माणूस ज्याला अर्धा सेकंद आधी दिसला तो जिंकला. आता ज्याच्या बापाने आयपॅड घेऊन दिला त्याने काही नियम मोडला का? नाही. मग ज्याने दहा-बारा हजारांच्या फोनवर सेटिंगमध्ये खाटखूट करून तसाच व्ह्यू आणला तो चीटर कसा? कंपनीच्या हिशोबाने गेमच्या फायलींना हात लावलास तर बॅन, महाग वस्तू विकत घेतलीस तर स्वागत. कोथरूडच्या बंगल्यातला आणि जनता वसाहत झोपडपट्टीतला एकाच स्क्वाडमध्ये असले की हा वाद गेमचा राहत नाही. मी स्वतः बरेच दिवस 'नियम म्हणजे नियम' या बाजूला होतो, स्क्रीनवर सेकंदाला ६० आणि ९० फ्रेम (चित्रं) दिसण्यातला फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर माझा आवाज जरा खाली आलाय. ग्रुपात सध्या असं चालतं की सेटिंग बदलणं ही रडी आहे, पण माफ. एमबॉट (नेम आपोआप धरणारा) आणि वॉलहॅक (भिंतीपलीकडचं दाखवणारा) माफ नाही.

तिथे चीटर आणि रडी यांच्यातला तो फरक येतो. २०१८ साली शांघायमधल्या एका आशियाई काउंटर स्ट्राइक स्पर्धेत भारतीय टीमचा एक खेळाडू एमबॉटसकट पकडला गेला, फाईलला नाव दिलेलं वर्ड डॉट ईएक्सई, त्याला पाच वर्षांची बंदी झाली आणि अख्खी टीम घरी गेली. आजही कोणाचा शॉट जरा जास्तच सरळ लागला की 'काय रे, वर्ड उघडून बसलायस का?' हे येतंच. डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये मांडलं होतं की समाज चीटरपेक्षा खेळ मोडणाऱ्याला जास्त कडक वागवतो, कारण चीटर निदान खेळ मानतो तरी, मोडणारा ते रिंगणच पुसून टाकतो. पुण्यातल्या ग्रुपांत हे अर्धंच लागू पडतं. व्हॅलोरंटमध्ये तेरा राउंड जिंकायचे असताना ३-८ ला चिडून निघून जाणारा, बाकी चौघांना पाच जणांसमोर सोडणारा, त्याच्याशी लोक आठवडाभर बोलत नाहीत हे खरं, पण आठवड्यानंतर घेतात. हॅकवाल्याला नाही घेत. रडणारा आपला असतो, त्याला नियम मान्य आहेत म्हणूनच तो रडतो.

शिव्यांचा विषय थोडक्यात संपवता येत नाही आणि लांबवावासाही वाटत नाही. मित्रामित्रांत चालतात, आईबहिणीवरून गेलं की अर्धे ग्रुप म्यूट करतात, अर्धे करत नाहीत. टू बीएचकेमध्ये खेळणाऱ्याची आई स्वयंपाकघरातून ऐकत असते हा आजवरचा सगळ्यात चांगला मॉडरेटर आहे. खरी घाण तेव्हा दिसते जेव्हा रँडम टीममेटचा आवाज मुलीचा निघतो. एक तर नको तेवढं हील देतात, नाहीतर नको ते बोलतात, साधं 'डावीकडे दोन आहेत' एवढं सांगायचं कोणालाच सुचत नाही, म्हणून अनेक जणी माइक बंदच ठेवून खेळतात. गल्लीच्या नियमांत याची सोय नव्हती, कारण गल्लीत मुलींना खेळात घेतलंच तर लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. ही उणीव त्या नीतीचीच आहे, ऑनलाइनवर ढकलता येत नाही. हिंदी बोलणारा रँडम आल्यावर मुद्दाम मराठीत त्याच्यावर हसायचं, ही पण त्याच जातीची रडी, आणि कधीकधी तो शेवटी 'मी सोलापूरचा आहे' म्हणतो. मग जी शांतता होते ती ऐकण्यासारखी असते.

पैशांचं पूर्वी फार कोणी मनावर घेत नव्हतं. डोक्यामागे वीस-पन्नास रुपये यूपीआय करून कस्टम रूम (आपलीच खाजगी मॅच) लावायची, पहिल्या नंबरला बाकीचे पैसे, रूमवाल्याचं कमिशन वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावून पैसे कमवायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता, शिक्षा चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, खेळणाऱ्याला नाही. तेव्हापासून 'आपली पन्नासची रूम म्हणजे स्पर्धेची फी का जुगार' यावर लोक वकिली करतात. बहुतेक ग्रुपांनी पैशाऐवजी मिसळ लावायला सुरुवात केली आहे. बाबांच्या फोनवरून न विचारता यूसी (गेममधलं चलन) विकत घेणं हा मात्र वाद नाही, ती चोरी, इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मी ऐकलेलं नाही.

रडी सिद्ध झाली की राज्य येतं. राज्य म्हणजे पुढच्या मॅचला त्याने फक्त स्मोक आणि बँडेज वाहायचे, गाडी चालवायची, पहिली चांगली गन दुसऱ्याला द्यायची आणि या सगळ्यात तोंडातून ब्र काढायचा नाही. दोन मॅच सलग राज्य आलं तर रविवारी सकाळी अमृततुल्यात चहा त्याच्याकडून, क्रीमरोलसकट. नेट खरंच गेलं होतं असा त्याचा दावा असेल तर त्याने शेजाऱ्याचंही गेलं होतं हे दाखवायचं. आमच्यातला एक जण यासाठी शेजारच्या काकूंना रात्री बारा वाजता फोन लावून माइकवर घेऊन आला होता. काकूंनी 'हो, गेलं होतं, आणि तू अजून जागा का?' एवढं सांगितलं. त्याचं राज्य माफ झालं, पण तेव्हापासून त्याला सगळे 'अहो' म्हणतात.