अंतराळातून डायनासोर आले, तर ते आपल्याला खातील का?

बुद्धिमान डायनासोर यानांत बसून पृथ्वीवर चाल करून येतात, ही विज्ञानकथांची जुनी हौस. २०१२ साली मात्र ते चक्क रसायनशास्त्राच्या एका शोधनिबंधात शिरले. कोलंबिया विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या रेणूंवर, लिहिता लिहिता शेवटी सुचवलं, की विश्वात कुठे तरी प्रगत डायनासोर असू शकतील आणि त्यांची आपली गाठ न पडलेलीच बरी. बातम्यांना तेवढं पुरलं. पुढे निबंध मागे घेतला गेला, पण डायनासोरांपायी नव्हे. त्यातला बराच मजकूर ब्रेस्लो यांच्याच आधीच्या लेखनाशी जुळत होता.

गंमत म्हणजे त्या निबंधातलं रसायनशास्त्रच या डायनासोरांचे दात पाडतं. बहुतेक अमिनो आम्लांचे रेणू दोन रूपांत असू शकतात. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांची प्रतिबिंबं असतात, तशीच ही रूपं. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं जवळजवळ सगळी ‘डाव्या’ रूपातून बनतात. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतल्या काही अमिनो आम्लांतही डाव्या रूपाचं प्रमाण किंचित जास्त आढळलं. म्हणजे हा कल अशनींनीच पृथ्वीवर आणला असेल आणि दुसरीकडे तो उलटाही असू शकेल, असा ब्रेस्लो यांचा रोख होता.

आता हे खरं धरू. उजव्या रेणूंच्या ग्रहावरच्या प्राण्याची पाचक विकरं (एन्झाइम) उजवी प्रथिनं तोडण्यासाठी घडलेली असणार. त्याने माणूस गिळलाच, तर आपली प्रथिनं त्याला पचायची नाहीत. हल्ला करायला त्याला दुसरं काही कारण शोधावं लागेल.

पण परग्रहावर डायनासोरच कशाला? सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात बहुतेक सागरी प्रजाती संपल्या, जमिनीवरही मोठी पडझड झाली, आणि त्यानंतरच्या जगात डायनासोर पुढे आले. असे योगायोग दुसरीकडे त्याच क्रमाने घडावेत, याला काहीच आधार नाही. आपली कल्पनाशक्तीही तोकडीच. १९८२ साली कॅनडात डेल रसेल आणि रॉन सेगाँ यांनी ‘डायनासोर टिकले असते तर’ या विचारातून एक पुतळा घडवला. ट्रूडॉनसारख्या, शरीराच्या मानाने मोठ्या मेंदूच्या डायनासोरचा तो काल्पनिक वंशज होता. ताठ उभा, शेपटी नसलेला, मोठ्या डोक्याचा. म्हणजे हिरवट कातडीतला माणूसच! टीकाकारांनी नेमकं यावरच बोट ठेवलं.

कथेची दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी साधारण १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह मेक्सिकोतल्या युकातानजवळ आदळला. त्याआधीच काही हुशार डायनासोर पृथ्वी सोडून गेले आणि आता घर परत मागायला आलेत. हे निदान तपासून तरी पाहता येतं.

गॅविन श्मिट आणि अॅडम फ्रँक या शास्त्रज्ञांनी २०१८ साली असाच प्रश्न घेतला: माणसाआधी एखादी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती, तर आज कशावरून कळलं असतं? इमारती, रस्ते एवढा काळ टिकत नाहीत. उरतील त्या गाळाच्या थरांतल्या रासायनिक खुणा, उदाहरणार्थ जीवाश्म इंधन जाळल्याने बदललेलं कार्बनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण. पण अशी खूण निसर्गही उमटवू शकतो. ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत प्रचंड कार्बन मिसळून पृथ्वी तापली होती, आणि त्यासाठी कुणाच्या कारखान्यांची गरज पडली नव्हती.

माझा भरवसा मात्र कोळशावर. कार्बोनिफेरस नावाच्या काळातले कोळशाचे थर डायनासोरांच्याही कितीतरी आधीचे. त्यांचा उद्योग कोळशावर चालला असता, तर खोल थरांत जुने बोगदे आणि पोखरलेल्या जागा सापडायला हव्या होत्या. आपल्याला ते थर कुणी हात न लावलेलेच मिळाले.

आणि चंद्र? तिथे वारा-पाऊस नाही. सूक्ष्म अशनींच्या माऱ्याने होणारी झीज दहा लाख वर्षांत सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे ६.६ कोटी वर्षांत सहा-सात सेंटिमीटर. पाऊलखुणा पुसल्या जातील, पण मोठ्या यानाचा सांगाडा झिजूनही काही ना काही उरायला हवा. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर यानाने अपोलोची याने जिथे उतरली त्या जागा कक्षेतून टिपल्या आहेत. त्याच्या छायाचित्रांत डायनासोरांचा तळ अजून तरी कुणाला दिसलेला नाही.