पाण्याचं वजन आणि अंगाचं वजन

"शुक्रवारी ५८ होतं, आज ६१. अंगाला लागाय लागलं म्हणायचं का ओ?" सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहून एक काका विचारतात. कोल्हापुरात डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम करताना हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय, आणि दरवेळी तो विचारणाऱ्याचा चेहरा आनंदलेला असतो. म्हणून उत्तर देताना जीवावर येतं. काका, तीन दिवसांत तीन किलो अंगाला लागत नाही. ते पाणी आहे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. किडनी निकामी होऊन लघवी कमी झाली की चहा, ताक, आमटी सगळं अंगातच साठतं. आपल्याकडे मटणाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा वाटीवर वाटी घेतात आणि तो पाण्यात कुणी धरतच नाही. वर त्यातलं मीठ. सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, आपल्या रक्ताचा खारटपणाही साधारण तेवढाच. म्हणजे दीड चमचा मीठ जादा गेलं, की लिटरभर पाणी प्याल्याशिवाय तहान भागत नाही. पाणी मोजून प्या म्हणण्याआधी मीठ कमी करा म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगाचं वजन म्हणजे मांस आणि चरबी. ते आठवड्या-महिन्यांनी हलतं. डायलिसिसच्या मशीननं जादाचं पाणी काढल्यावर जे वजन उरतं, ज्यावर सूज नाही, धाप नाही, बीपी आटोक्यात आणि पायात गोळेही येत नाहीत, ते ड्राय वेट. त्याचं पक्कं सूत्र नाही. डॉक्टर अंदाज बांधतात, अर्धा-पाव किलोनं खालीवर करून बघतात. काही ठिकाणी फुप्फुसाची सोनोग्राफी किंवा अंगातलं पाणी मोजणारं यंत्रही मदतीला असतं.

खरी फसगत होते ती दोन्ही वजनं एकमेकांची जागा घेतात तेव्हा. काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही. माणूस पंधरा दिवस तापानं पडला, जेवण सुटलं, दोन किलो मांस झडलं. आम्ही मात्र जुन्या ५८ वरच मशीन थांबवतो. आकडा तोच, पण आत दोन लिटर पाणी लपलेलं. एवढ्या पाण्यानं पायावर बोट दाबून खड्डा पडेलच असं नाही. पडून असलेल्याची सूज तर पायाऐवजी कमरेमागे उतरते. आधी बीपी चढतं, रात्री आडवं झालं की दम लागतो, उशा वाढतात.

उलटंही होतं. भूक परतली, दोन महिन्यांत अंग भरलं, तरी आम्ही ५८ पर्यंतच ओढतोय. मग शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे, बीपी खाली, डोळ्यांपुढे अंधारी. मात्र गोळे आले म्हणजे ड्राय वेट चुकलंच, असंही नाही. पाणी फार वेगानं ओढलं तरी तेच होतं. किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर जाऊ नये, असं सर्वसाधारणपणे मानतात. ६० किलोच्या माणसाला चार तासांत ते तीन लिटरच्या जरासं वर येतं. पाच लिटर घेऊन आलेल्याचं सगळं पाणी एका बैठकीत काढायला गेलं, तर ड्राय वेट बरोबर असूनही त्रास होणार.

काट्याचंही एक सांगतो. कापशी चप्पल घालून वजन केलं आणि परत जाताना अनवाणी केलं, तर हिशेब तिथंच चुकला. स्वेटर आणि खिशातला मोबाईलही दोन्ही वेळा सारखाच हवा.

आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना न्यूमोनियानंतर सतत धाप लागायची. ५२ वर थांबत होतो, सूज कुठंच नव्हती. सून सहज म्हणाली, "पोलकी ढिली झाल्यात त्यांची." मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी आजींना तपासलं आणि वजन अर्ध्या-अर्ध्या किलोनं खाली आणलं. तीन आठवड्यांत ४९.५ वर आलो. आता आजी एका उशीवर झोपतात. घरच्यांनो, कपडे ढिले झाले, घट्ट झाले, भाकरी एकावरून अर्ध्यावर आली, तर ते मशीन लावायच्या आधी आम्हाला सांगा.