मॅपसर्व्हर सोर्सपासून बांधताना: मराठी नावं का फुटतात?

उबुंटू २२.०४ या लिनक्सवर नेहमीच्या पॅकेजमधून जीडॅल ही भौगोलिक फाइली वाचणारी लायब्ररी घेतली, तर ३.४.१ ही आवृत्ती मिळते आणि तिच्या जोडीला निर्देशांकांचं गणित करणारं प्रोज ८.२.१ येतं. बहुतेक कामांना एवढं पुरतं. पण पार्के या रकान्यांनुसार साठवणाऱ्या फाइल स्वरूपातला भौगोलिक डेटा वाचायची सोय जीडॅलमध्ये ३.५ पासून आली, म्हणजे एका आवृत्तीने हुकली. अशी नेमकी गरज असेल तरच सोर्स कोडपासून बांधणीच्या, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करायच्या वाटेला जावं. नसेल तर तयार पॅकेज वापरणंच शहाणपणाचं, कारण त्यात सगळे भाग एकमेकांशी जुळवून तपासलेले असतात. सोर्सपासून बांधायचं म्हणजे ती जुळवाजुळव आपल्या अंगावर घ्यायची.

इथे उदाहरण मॅपसर्व्हरचं घेऊ. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू झालेला हा प्रकल्प आजही जगभरच्या सरकारी आणि संशोधन संस्थांचे नकाशे वेबवर दाखवतो. ब्राउझरकडून मागणी आली की हा प्रोग्राम डेटा वाचतो, चित्र काढतो आणि परत पाठवतो. मात्र हे एकट्याचं काम नाही. अक्षांश-रेखांशांचं गणित प्रोज करतं. बहुभुज एकमेकांना छेदतात का, कशाच्या आत काय येतं, हे जिऑस ठरवतं. जावामधल्या जेटीएस या लायब्ररीचं ते सी प्लस प्लस रूप आहे. शेकडो प्रकारच्या फाइली वाचायचं काम जीडॅलचं. त्यामुळे बांधणीचा क्रम प्रोज, जिऑस, जीडॅल आणि शेवटी मॅपसर्व्हर असाच हवा.

सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा: चारही गोष्टी एकाच स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवायच्या. उदाहरणार्थ ‘ऑप्ट’ खाली ‘नकाशा’ नावाचं फोल्डर करायचं आणि सीमेकला, म्हणजे बांधणीची आखणी करणाऱ्या साधनाला, प्रत्येक वेळी इन्स्टॉल प्रीफिक्स (कुठे बसवायचं ते फोल्डर) म्हणून तेच द्यायचं. पुढच्या प्रत्येक पायरीला प्रीफिक्स पाथ म्हणूनही तेच द्यायचं, म्हणजे सीमेक आधी आपण बांधलेली लायब्ररी शोधेल आणि मगच सिस्टिमची. प्रीफिक्स दिला नाही तर सगळं ‘यूएसआर लोकल’मध्ये जातं. तिथे आधीच्या प्रयोगांचे अवशेष असतील, तर कोणती फाइल कुठून उचलली गेली याचा माग काढता काढता दिवस जातो.

प्रोज ९ पासून जुनी कॉन्फिगर पद्धत गेली, आता फक्त सीमेक चालतं. लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: सी प्लस प्लस कंपायलर, टिफ आणि कर्ल यांची डेव्ह पॅकेजेस (बांधणीसाठी लागणाऱ्या फाइली असलेली), आणि एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस. एस्क्यूलाइटची नुसती लायब्ररी पुरत नाही, कमांड लाइनवरचा ‘एस्क्यूलाइट३’ हा प्रोग्रामही लागतो. कारण प्रोज ६ पासून जगभरच्या निर्देशांक पद्धतींची माहिती ‘प्रोज डॉट डीबी’ या डेटाबेस फाइलमध्ये ठेवलेली असते, आणि ती फाइल बांधणीच्या वेळीच त्या प्रोग्रामने तयार होते. तो नसेल तर सीमेक पहिल्याच मिनिटाला थांबतं. ही चूक तरी लगेच दिसते.

प्रोज बसलं की पुढे जाण्याआधी एक चाचणी करावी. ‘सीएसटूसीएस’ या कमांडला ईपीएसजी ४३२६ मधून (साधे अक्षांश-रेखांश) ईपीएसजी ३२६४३ मध्ये (मीटरमधली पद्धत; ईपीएसजी म्हणजे निर्देशांक पद्धतींचे क्रमांक) रूपांतर करायला सांगायचं आणि पुण्याचा एक बिंदू द्यायचा: १८.५२ अक्षांश, ७३.८५ रेखांश. उत्तर पूर्वेला सुमारे ३,७८,६०० मीटर आणि उत्तरेला सुमारे २०,४८,१०० मीटर असं आलं पाहिजे. आकडे भलतेच आले तर बहुधा क्रम उलटा दिलेला असतो. ईपीएसजी ४३२६ च्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर येतो. प्रोज ६ आणि जीडॅल ३ हा क्रम काटेकोरपणे पाळतात. जुन्या आवृत्त्यांमध्ये रेखांश आधी चालायचा, म्हणून जुन्या स्क्रिप्ट इथे आपटतात. क्रम उलटला की पुण्याचा तो बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या जवळ समुद्रात जाऊन पडतो.

महाराष्ट्राचं काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३२६४३ म्हणजे यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीचा, ४३ वा उत्तर पट्टा, आणि तो ७८ अंश पूर्व रेखांशाला संपतो. मुंबई, पुणे, अमरावती आणि सगळा गोवा या पट्ट्यात येतो. नागपूर आणि वर्धा ४४ व्या पट्ट्यात, म्हणजे ३२६४४ मध्ये. जुन्या टोपोशीटचा, म्हणजे छापील सर्वेक्षण नकाशांचा, प्रश्न वेगळाच. त्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती मापावर, आधारलेल्या आहेत. कल्याणपूर १९७५ या आधारपद्धतीत त्याचा मोठा अर्धअक्ष ६३,७७,२९९.१५१ मीटर धरला आहे, तर जीपीएस ज्यावर चालतं त्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये तो ६३,७८,१३७ मीटर आहे. लंबगोल वेगळा आणि त्याचा मध्यही वेगळा, त्यामुळे तेच अक्षांश-रेखांश जसेच्या तसे वापरले तर आपल्याकडे जागा शंभरएक मीटर सरकते. ‘प्रोजइन्फो’ ही कमांड या दोन पद्धतींमधली उपलब्ध रूपांतरं आणि प्रत्येकाची मीटरमधली अचूकता दाखवते. ती यादी एकदा तरी वाचावी.

जिऑसला दुसऱ्या कशाची गरज नाही. ते निमूट बांधलं जातं.

जीडॅलपाशी मात्र वेळ द्यावा लागतो. ३.५ मध्ये सीमेक आलं आणि ३.६ पासून तेवढंच उरलं. सिस्टिमवर सापडेल ती प्रत्येक लायब्ररी जोडून घ्यायची, हा जीडॅलचा स्वभाव. सोयीचा वाटतो, पण नेमका तिथेच घोळ होतो. उबुंटूच्या पॅकेजमधून आलेली स्पॅशियालाइट (एस्क्यूलाइटला भौगोलिक सोय देणारी) लायब्ररी जुन्या प्रोजला जोडलेली असते, जिओटिफ या निर्देशांकांसह टिफ चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीचीही तीच गत. जीडॅलने त्या उचलल्या की एकाच प्रोग्राममध्ये दोन प्रोज शिरतात: २२.०४ चं जुनं ‘लिबप्रोज २२’ (प्रोज ८) आणि आपण बांधलेलं ‘लिबप्रोज २५’ (प्रोज ९). दोघांच्या फंक्शनची नावं तीच. बांधणी पूर्ण होते, एकही त्रुटी दिसत नाही, आणि मग चालवताना कधी प्रोग्राम कोसळतो, तर कधी ‘प्रोज डॉट डीबी दुसऱ्या प्रोज इन्स्टॉलेशनमधली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. तो संदेश खरं तर फार उपयोगी आहे. कोड एका आवृत्तीचा आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा, एवढंच तो सांगतो. पुष्कळजण घाईने ‘प्रोज डेटा’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तो गप्प करतात. त्याने डेटाबेस बदलतो, पण आत शिरलेली दुसरी लायब्ररी तिथेच राहते.

उपाय बांधणीच्या आधी करायचा. जीडॅलला सीमेकच्या पर्यायांतून स्पॅशियालाइट बंद करायला सांगावं आणि जिओटिफची स्वतःची अंतर्गत प्रत वापरायला सांगावं. सगळे ऐच्छिक ड्रायव्हर, म्हणजे एकेक फाइल प्रकार वाचणारे भाग, बंद करून लागतील तेवढेच चालू करायचीही सोय आहे. त्याने वेळ वाचतो आणि गुंताही कमी होतो. मग सीमेक शेवटी जो सारांश छापतं तो ओळ न ओळ वाचावा: कोणती लायब्ररी सापडली, कुठल्या पाथवर सापडली, कोणती सापडली नाही. कंपाइल सुरू करण्याआधीची ही पाच मिनिटं पुढचे कित्येक तास वाचवतात. पार्के हवं असेल तर अपाची ॲरो आणि पार्के या लायब्ररी आधी बसवलेल्या असाव्या लागतात. नसतील तर जीडॅल तक्रार न करता ड्रायव्हर वगळून मोकळं होतं.

प्रोजची आवृत्ती बदलली तर जीडॅलचं बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून नव्याने सुरू करावं. एकदा सापडलेला पाथ सीमेक आपल्या कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच धरून चालतं.

कंपाइल करताना समांतर कामांची संख्या प्रोसेसरच्या कोअरवरून ठरवायची सवय असते. लहान क्लाउड सर्व्हरवर ती महागात पडते. सी प्लस प्लसची मोठी फाइल कंपाइल करताना एकेक प्रक्रिया एक जीबी किंवा त्याहून जास्त मेमरी खाऊ शकते. चार कोअर आणि दोन जीबी रॅमवर चार कामं लावली की लिनक्सचा कर्नल मधलीच एक प्रक्रिया मारून टाकतो, आणि ‘सीसीवनप्लस किल्ड’ असा संदेश पडतो. कोडमध्ये चूक काहीच नसते. समांतर कामं एकावर आणावीत किंवा स्वॅप वाढवावी, आणि तीच कमांड पुन्हा द्यावी. झालेलं काम वाया जात नाही.

आता मॅपसर्व्हर. इथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो. मॅपसर्व्हरचं सीमेक एखादी लायब्ररी सापडली नाही तर थांबतं आणि सोबत एक सूचना देतं: हा भाग नको असेल तर अमुक पर्याय शून्य करा. फ्रिबिडी आणि हार्फबझ या अक्षरांची मांडणी करणाऱ्या दोन लायब्ररींच्या बाबतीतही तेच होतं. घाईत असलेला माणूस दोन्ही शून्य करतो, बांधणी पुढे सरकते, चाचणीचा नकाशा नीट उमटतो, कारण त्यावरची नावं रोमन लिपीतली असतात. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत तसं नाही. युनिकोडमध्ये ‘नाशिक’ साठवताना आधी श येतो आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी श च्या आधी दिसली पाहिजे. ही फिरवाफिरव, जोडाक्षरं आणि रफार बसवणं हे काम हार्फबझ फॉन्टमधल्या नियमांनुसार करतं. ते नसेल तर अक्षरं साठवलेल्या क्रमानेच छापली जातात. नाशिकचं ‘नाशकि’ होतं, किनवटचं ‘कनिवट’, आणि विदर्भाचा रफार सुटून ‘वदिर्‌भ’ असं काहीतरी उमटतं.

म्हणून ते पर्याय बंद करू नयेत. फ्रिबिडी आणि हार्फबझ यांची डेव्ह पॅकेजेस बसवावीत आणि सीमेक पुन्हा चालवावं. बांधून झाल्यावर ‘मॅपसर्व्ह’ला उणे व्ही पर्याय दिला की आत काय काय आहे याची एक लांबलचक ओळ येते. त्यात फ्रिबिडी, प्रोज आणि जिऑस यांची नावं, तसंच इनपुटमध्ये जीडॅल आणि ओजीआर (जीडॅलचा बिंदू, रेषा, बहुभुज वाचणारा भाग) दिसलेच पाहिजेत.

नावं तरीही बिघडली तर बिघाडाच्या रूपावरून कारण ओळखता येतं. वेलांटी भलतीकडे गेली असेल तर हार्फबझ नाही. नुसते चौकोन दिसत असतील तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्टसेटच्या, म्हणजे फॉन्टची यादी असलेल्या, फाइलमध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी नोंदवावा. लेबलच्या फॉन्टमध्ये स्वल्पविराम देऊन एकाहून जास्त फॉन्ट लिहिता येतात, म्हणजे रोमन आणि देवनागरी दोन्ही निभावतात. टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचे पुंजके दिसत असतील तर डेटा यूटीएफ-८ आहे आणि तो दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचला जातोय. मॅपफाइलच्या (नकाशा कसा काढायचा ते मॅपसर्व्हरला सांगणाऱ्या फाइलच्या) लेयरमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहावं. आणि नावाचं शेपूट तुटलेलं असेल तर दोष शेपफाइल या जुन्या डेटा स्वरूपाचा. तिच्या मजकुराच्या रकान्यात जास्तीत जास्त २५४ बाइट मावतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. रकाना २० चा ठेवलेला असेल तर तो शब्द मध्येच कापला जातो. जिओपॅकेज स्वरूपात ही मर्यादा नाही. मराठी नावांसाठी शेपफाइल वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

इन्स्टॉल करताना आणखी एक जागा घात करते. बिल्ड फोल्डरमधला प्रोग्राम छान चालतो, इन्स्टॉल केलेला मात्र ‘लिबप्रोज सापडत नाही’ म्हणतो. बिल्ड फोल्डरमधल्या प्रोग्रामच्या आत लायब्ररींचे पाथ लिहिलेले असतात आणि इन्स्टॉल करताना सीमेक ते काढून टाकतं, हे त्याचं कारण. टर्मिनलमध्ये लायब्ररी पाथचं व्हेरिएबल लावून काम भागतं, पण नकाशे ब्राउझरला पाठवणाऱ्या अपाची वेब सर्व्हरला ते व्हेरिएबल ठाऊक नसतं. मग टर्मिनलवर सगळं ठीक आणि ब्राउझरमध्ये ५०० क्रमांकाची त्रुटी. अपाचीच्या एरर लॉगमध्ये खरं कारण लिहिलेलं असतं. पक्का इलाज म्हणजे चारही बांधण्यांना सीमेकचा इन्स्टॉल आरपाथ पर्याय देऊन आपल्या प्रीफिक्समधलं ‘लिब’ फोल्डर सांगणं. फेडोरा किंवा रॉकी लिनक्सवर ते ‘लिब६४’ असतं.

बांधणी झाल्यावर ‘एलडीडी’ ही जोडलेल्या लायब्ररी दाखवणारी कमांड ‘मॅपसर्व्ह’वर चालवून प्रोजच्या ओळी पाहाव्यात. एकच ओळ हवी आणि तिचा पाथ आपल्या फोल्डरमधला हवा. दोन दिसल्या तर जीडॅलच्या पायरीवर परत जायचं.

मॅपसर्व्हर ८ पासून ‘मॅपसर्व्हर डॉट कॉन्फ’ ही फाइलही आवश्यक झाली आहे. नमुना सोर्सबरोबर येतो. ती अपाचीला सापडली नाही तर नकाशाऐवजी त्रुटीचा संदेश मिळतो. ब्राउझरपर्यंत जाण्याआधी ‘मॅपटूआयएमजी’ या साधनाने मॅपफाइलवरून थेट चित्र काढून पाहावं. जुन्या लेखांमध्ये हेच साधन ‘एसएचपीटूआयएमजी’ या नावाने आढळतं. त्या चाचणीच्या मॅपफाइलमध्ये किनवट, नाशिक, विदर्भ आणि महाराष्ट्र ही चार नावं जरूर ठेवावीत. वेलांटी, रफार आणि जोडाक्षर तिन्ही एका चित्रात तपासून होतात. पुढे आवृत्ती वाढवायची वेळ आली की नवं प्रीफिक्स फोल्डर करून त्यात सगळं बांधावं, हीच चाचणी तिथे चालवावी, आणि चित्र बरोबर आलं तरच अपाची ज्या दुव्यावरून प्रोग्राम उचलतं तो दुवा नव्या फोल्डरकडे वळवावा. जुनं फोल्डर महिनाभर तरी पुसू नये.