बांबोळीच्या भरवशावर

म्हापशाच्या जुन्या इस्पितळाला लोक अजून आझिलो म्हणतात आणि मडगावच्या इस्पितळाला हॉस्पिसियो. दोन्ही शब्द पोर्तुगीज, दोन्हींचा अर्थ जवळपास एकच: निराधारांचा आसरा. गोव्यात आरोग्य विमा नसलेल्या माणसांचा इतिहास या नावांपासूनच सांगावा लागतो. आजारपणाला आधार असतो तो इस्पितळाचा, ही इथली जुनी समजूत. हप्ता, पॉलिसी हे शब्द फार उशिरा आले.

पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि पुढे ते बांबोळीच्या पठारावर गेले. तेच आपले गोमेकॉ. रापणकार म्हणजे किनाऱ्यावर जाळे ओढणारा असो, पोदेर म्हणजे पाववाला असो की मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा पायलट, 'बांबोळीला नेलंय' एवढे सांगितले की घरच्यांना धीर यायचा. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारचे रुग्णही याच भरवशावर येत. विम्याचे कागद कोणाकडे नव्हते, पण आपण विम्याविना आहोत असे कोणाला वाटतही नव्हते.

देशात सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम, म्हणजे इस्पितळाच्या खर्चाची पॉलिसी, आणली. ती पोहोचली पगारदारांपर्यंत. कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा आधार होता, पण त्यालाही वेतनमर्यादा आहे: २०१७ पासून महिना २१,००० रुपये. त्याच्या थोडे वर कमावणारा आणि मालकाने कुठेच नोंदवलेला नाही असा, दोघेही बाहेर. शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीत हंगामापुरते राबणारी पोरे आणि घरकाम करणाऱ्या बायका यांतल्या दुसऱ्या प्रकारात येतात.

राज्य सरकारची स्वतःची मेडिक्लेम योजना होती, पण गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी. मोठा बदल झाला २०१६ मध्ये. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे कवच दिले. उत्पन्नाची अट नाही, सरकारी नोकर वगळून सर्वांना खुली. ही खरोखर मोठी गोष्ट होती, आणि ज्यांनी या योजनेच्या कार्डावर खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया करून घेतली त्यांना तिचे मोल विचारावे. मात्र अट होती पाच वर्षांच्या रहिवासाची.

रहिवासी नसण्याचा खरा अर्थ १ जानेवारी २०१८ ला कळला. त्या दिवसापासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेणे सुरू झाले. गोमेकॉवरचा भार वाढला होता, खाटा अपुऱ्या पडत होत्या, हे खोटे नाही. तरीही दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले ते उगाच नव्हे. पत्रादेवीच्या किंवा दोडामार्गच्या सीमानाक्यापलीकडच्या गावांसाठी मोठे इस्पितळ म्हणजे बांबोळीच. पुढे महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना गोमेकॉत लागू झाली आणि सिंधुदुर्गातल्या रेशनकार्डधारकांना वाट मिळाली.

माझ्या मते सगळ्यात अडचणीत राहिला तो मधला माणूस. गाव चंदगडकडे, रेशनकार्ड गावाकडे आणि आयुष्याची बारा-पंधरा वर्षे पर्वरीच्या किंवा वास्कोच्या भाड्याच्या खोलीत. घरमालक भाडेकरार करून देत नाही, की घरपट्टीची पावती दाखवत नाही. मग पाच वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा कशाने? राहिला प्रत्यक्षात, कागदावर नाही. देशपातळीवर २०१८ मध्ये पाच लाखांची आयुष्मान भारत आली, पण तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून काढलेली. त्या वेळी ज्याचे नाव जिथे नोंदले, तिथेच ते राहिले.

बाजारातला विमा गेल्या काही वर्षांत थोडा सोपा झाला आहे. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च विम्यातून मिळू लागेपर्यंतची मुदत, २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. ज्यांना हप्ता परवडतो त्यांचे पैसे वाचले. पर्वरीच्या त्या खोलीत मधुमेहाच्या गोळ्या अजूनही महिन्याच्या पगारातूनच येतात, आणि पाय सुजला की आधी कोणाकडून तरी उसने मागावे लागतात.